ज्युलिएट करणाऱ्या मुलीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

'रोमिओ अँड ज्युलिएट'मधली ज्युलिएट तुला मिळाली हे कळलं तेव्हाच बरं वाटलं होतं. आता तुझा तो लांबलचक मेसेजही वाचला. ही मुलगी नेमकी कुठल्या प्रवेशात मोठी होते ते सांगा, म्हणजे तिथून मी आवाज आणि चाल बदलते, असं तू विचारलं आहेस. प्रश्न चांगला आहे, त्यामागचा बेत मात्र मला पसंत नाही. एका जागी रेघ मारून अलीकडे बालिश आणि पलीकडे प्रौढ अशी ज्युलिएट केलीस, तर प्रेक्षकांना दोन मुली दिसतील आणि दोन्ही खोट्या वाटतील. फोनवर हे सांगायला गेले असते तर तू मध्येच 'हो काकू, कळलं' म्हणाली असतीस. म्हणून कागदावर.

आधी उड्यांबद्दल. पहिल्या एन्ट्रीला तू दोन वेण्या उडवत, टुणटुण करत येतेस, असं तालमीला बसणाऱ्या एकीनं सांगितलं. वेण्या राहू देत, उड्या बंद कर. दांडिया बाजारात शाळा सुटते तेव्हा एकदा कोपऱ्यावर उभी राहून बघ. तेरा वर्षांच्या मुली उड्या मारत नाहीत, उलट फार जपून चालतात. आपल्याकडे कोणी तरी बघतंय हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं. हातांचं काय करायचं ते मात्र अजून कळलेलं नसतं. तुझे हात तेवढे सांभाळ, वय आपोआप दिसेल.

वयाचा हिशेब नाटकातच पक्का दिलेला आहे. तिचा चौदावा वाढदिवस ३१ जुलैला आहे आणि नाटक सुरू होतं तेव्हा त्याला पंधरा-सोळा दिवस उरलेत. रविवारी रात्रीच्या मेजवानीत ती रोमिओला बघते, सोमवारी लग्न लागतं आणि त्याच आठवड्यात सगळं संपतं. म्हणजे चौदावं वर्ष तिला पुरं करताच येत नाही. शेक्सपिअरनं ज्या इंग्रजी काव्यावरून ही गोष्ट उचलली ते १५६२ सालचं. त्यात ती सोळाच्या घरात आहे आणि गोष्ट काही महिने चालते. यानं वयही कमी केलं आणि वेळही. भर जुलैचा उकाडा, रस्त्यात पेटलेली भांडणं, आणि कोणाला नीट विचार करायला एक दुपार मिळत नाही. नाटक घडतं त्या इटलीतल्या व्हेरोनातला जुलै म्हणजे आपल्या बडोद्याचा मे धर.

'त्या काळी लग्नं लहानपणीच व्हायची हो' असं म्हणून ही गोष्ट झटकू नकोस. इंग्लंडातल्या साधारण घरांत मुलींची लग्नं तेव्हा पंचविशीच्या आसपास होत. खुद्द शेक्सपिअरचं लग्न झालं तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि बायको २६ची. त्याच्या प्रेक्षकांनाही तेरा हे वय टोचणारच होतं. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट पहिल्या अंकात तिला मागणी घालणाऱ्या पॅरिस नावाच्या सरदाराला म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ देत, आणि तिची संमती असेल तरच माझी. किती समंजस बाप! हा समंजसपणा नीट लक्षात ठेव, तिसऱ्या अंकात तो कामाला येणार आहे. आणि आपल्याकडचं सांगायचं तर सयाजीरावांच्या राज्यात १९०४ साली बालविवाह रोखणारा कायदा झाला, तो देशात फार पुढचा समजला गेला, आणि त्यात मुलीचं किमान वय होतं १२. ज्युलिएटचं लग्न इथे कायद्याला धरूनच लागलं असतं. तुझी पणजी कितव्या वर्षी नांदायला आली ते घरी एकदा विचार. तालमीत उपयोगी पडेल.

आता मुद्द्यावर येते. ज्युलिएट प्रेमात पडून मोठी होते असं सगळे समजतात. मला तसं वाटत नाही. तिच्या वतीनं बोलणारी माणसं एकेक करून गळत जातात, आणि दर वेळी तिला स्वतः बोलावं लागतं, किंवा गप्प राहायचं ठरवावं लागतं. तिची वाढ तिच्या बोलण्यात आहे. कोणाशी खरं बोलते, कोणाशी अर्धं, कोणाशी बोलणंच सोडते, याचा आलेख काढ. चाल बदलायची गरज पडणार नाही.

शेक्सपिअरला तसं लिहिणं भाग होतं. त्याच्या रंगभूमीवर बाई नव्हती, ज्युलिएट एखादा कोवळा मुलगा करायचा. शरीरावर भिस्त ठेवता येत नाही म्हटल्यावर मुलगी उभी करायची ती वाक्यांतून. आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले आणि महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग याच बडोद्यात केला. सिंधू होते बालगंधर्व. पुरुषानं केलेल्या त्या सिंधूसाठी पिढ्यान् पिढ्या लोक रडले. पण सिंधूचा आदर्श मनात ठेवून ज्युलिएटकडे जाऊ नकोस, तिथे वाट चुकेल. सिंधूची सगळी ताकद न बदलण्यात आहे. घर बुडतं, दळण दळायची पाळी येते, नवऱ्याच्या हातून जीव जायची वेळ येते, तरी ती त्याच्यावर आळ येऊ देत नाही. पहिल्या अंकातली सिंधू आणि शेवटची सिंधू एकच. ज्युलिएट दर प्रवेशाला थोडी वेगळी असते आणि कालच्या ज्युलिएटला ती ओळख दाखवायला थांबत नाही. आपल्याकडच्या मुली ही भूमिका करताना नकळत सिंधूचा सोशिक सूर लावतात. मी स्वतः पाहिलेल्या दोन-तीन प्रयोगांत हेच झालं होतं, आणि बिचाऱ्या रोमिओला उगाच सिंधूचा दारुडा नवरा सुधाकर झाल्यासारखं वाटत असणार.

तर पहिला प्रवेश. त्यात ती पाचच वेळा तोंड उघडते. कोण हाक मारतंय, मी इथे आहे, दाई आता पुरे कर, लग्नाचं मी स्वप्नातही आणलं नाही, आणि तुम्ही म्हणाल तेवढंच बघीन. बाकी सगळा वेळ आई आणि दाई तिच्याविषयी तिच्यासमोर बोलत असतात. अकरा वर्षांपूर्वी भूकंप झाला त्याच दिवशी स्तनाला कडू पाला लावून हिचं दूध तोडलं, ही पडली तेव्हा माझा नवरा काय चावट बोलला, सगळं दाई रंगवून सांगते. घरी बघण्याचा कार्यक्रम ठरला की मावश्या जशा मुलीच्या बालपणाची पोतडी उघडतात, तसंच. या वेळात तुला काहीच करायचं नाहीये, फक्त ऐकायचं आहे. लाजायचं असेल तर एकदाच लाज. दाईची स्वतःची मुलगी सुझन वारली, ती ज्युलिएटच्याच वयाची होती, हे वाक्य दाई घाईत बोलून जाते. तिथे तिच्याकडे बघ. या दोघी एकमेकींच्या कोण आहेत हे प्रेक्षकाला तेवढ्यावर कळलं पाहिजे, कारण पुढे ते नातं तुटणार आहे.

आईविषयी एक. आपल्याकडे तिला हमखास पिकल्या केसांचा टोप घालतात. ती स्वतः म्हणते की तुझ्या वयाच्या सुमारास मी तुझी आई झाले होते. म्हणजे बाई अठ्ठावीसच्या आसपास! ती मुलीशी एकटीनं बोलायचं म्हणून दाईला बाहेर पाठवते आणि लगेच परत बोलावते, कारण तिला ते जमत नाही. दिग्दर्शकाला हे माझं नाव घेऊन सांग. टोप वाचेल.

'तुम्ही म्हणाल तेवढंच बघीन' ही ओळ तू आज्ञाधारकपणे म्हण, आणि खरीखुरी म्हण. ती तेव्हा खोटं बोलत नाही. या ओळीचा सूर ध्यानात ठेव, चौथ्या अंकात तो परत लागणार आहे.

मेजवानीतला प्रवेश आणि खिडकीचा प्रवेश यांवर मी फार लिहीत नाही, सगळे त्यावरच बोलतात. दोन गोष्टी फक्त. मेजवानी संपताना तिला रोमिओचं नाव हवं असतं, पण ती दाईला आधी दुसऱ्याच दोघांची नावं विचारते आणि मग सहज विचारल्यासारखं त्याचं. नाव कळल्यावर तोंडून जे निघतं ते दाई ऐकते, तर ही म्हणते, काही नाही, आत्ता एकाकडून ऐकलेली कविता. दाईपासून लपवलेली ही पहिली गोष्ट. तिचा तिलाच थोडा धक्का बसू दे. दुसरं, खिडकीत ती फार व्यवहारी आहे. तो चंद्राची शपथ घ्यायला निघतो, ती म्हणते चंद्र रोज बदलतो, त्याची नको. हे फार घाईचं होतंय हेही तीच म्हणते. आणि लग्नाचा विचार असेल तर उद्या निरोप पाठव, कुठे आणि केव्हा ते ठरवून सांग, हेही तीच. आपल्या मुली हा प्रवेश मिटल्या डोळ्यांनी करतात. डोळे उघडे ठेव. आतून दाई हाका मारते आहे, ही सारखी आत-बाहेर करते आहे. एक कान घरात ठेवून बोलायचं आहे, सूर आळवायला उसंत नाही.

त्यानंतरचा दाईची वाट बघण्याचा प्रवेश मला सगळ्यात लाडका आहे आणि संहिता कापायला बसलं की पहिली कात्री त्यालाच लागते. आपल्या संहितेत तो ठेवलाय हे बघून मी दिग्दर्शकाला मनातल्या मनात शाबासकी दिली. नऊ वाजता दाईला पाठवलं, अर्ध्या तासात येते म्हणाली, आता बारा वाजले. आदल्या रात्री स्वतःचं लग्न स्वतः ठरवणारी ही मुलगी इथे पाय आपटते. दाई आली तर हाडं दुखतात, दम लागलाय, जेवलीस का, म्हणत बसते आणि ही तिची पाठ चेपत 'काय म्हणाला ते सांग ना' म्हणून गयावया करते. इथे लोकांना हसू दे. मनसोक्त हसू दे. तुझी ती रेघ इथेच पुसली जाते बघ. काल रात्री ती मोठी होती, आज दुपारी लहान आहे, संध्याकाळी परत मोठी होईल. त्या वयाची मुलं अशीच वाढतात, एका दिवसात तीनदा. तू आवाज बदलून बसलीस तर या प्रवेशात काय करणार?

आता तिसरा अंक. सगळं नाटक इथे आहे, आणि तुझी मेहनतही इथेच पडणार.

लग्न लागलेलं आहे, रात्री तो यायचा आहे, ती सूर्याच्या घोड्यांना पिटाळते आहे की लवकर मावळा. त्या भाषणात ती म्हणते, सणाच्या आदल्या रात्री नवे कपडे आणून ठेवलेत पण घालायचे नाहीत, तेव्हा उतावीळ पोराला रात्र जशी सरत नाही तसा हा दिवस सरत नाही. बघ, शरीराची ओढ एवढ्या उघडपणे बोलणारी मुलगी उपमा देते ती पोराची. दिवाळीच्या आदल्या रात्री उशाशी फ्रॉक घेऊन झोपलेली तू आठव. हे भाषण लाजत म्हटलंस तर गेलं. तिला त्यात लाज वाटत नाही, ती एकटी आहे आणि आनंदात आहे. एवढ्यात दाई येते आणि 'मेला, मेला' म्हणत रडते. कोण मेला ते सांगत नाही. ज्युलिएटला वाटतं रोमिओ. मग कळतं की मामे-आते नात्यातला टिबॉल्ट मेला आणि त्याला मारलं रोमिओनं.

ती रोमिओला शिव्या देते. देखणा जुलमी, देवदूताच्या रूपातला सैतान, अशा उलटसुलट शब्दांची माळच लावते. तेवढ्यात दाई तिचीच री ओढते, रोमिओच्या तोंडाला काळं लागो, आणि ज्युलिएट एकदम उसळते: तुझ्या जिभेला फोड येवोत! दाईनं वेगळं काहीच म्हटलेलं नाही. पण स्वतःचाच राग दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि तो आपला नाही हे तिला कळलं. यापूर्वी ती दोन घरांच्या मध्ये कुठे तरी होती, इथे ती बाजू घेते. त्या उसळण्याच्या आधी थोडं थांब. फार नको. ऐकलं, हे दिसेल एवढंच.

मग पाचवा प्रवेश. मंगळवारची पहाट, रोमिओ खिडकीतून उतरून गेला. चंडोल की बुलबुल हा गोड वाद संपला. आणि आई येते. इथून पुढे तू रंगमंचावरून हलत नाहीस आणि माणसं तुझ्याभोवती येऊन जातात.

आई म्हणते, टिबॉल्टचा मारेकरी हद्दपार होऊन मँटुआ शहरात जातोय, तिथे माणूस पाठवून मी त्याला विष देववते. ज्युलिएट जे बोलते त्यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही खरं नाही. रोमिओला बघेपर्यंत मला चैन पडणार नाही, आणि मग 'मेलेला' हा शब्द अशा जागी ठेवते की तो पुढच्या वाक्याला जोडला तरी चालतो आणि मागच्याही. आईला सूड ऐकू येतो, आपल्याला विरह. पहिल्या प्रवेशात पाच वाक्यं बोलणारी ती हीच, आणि अजून दोन दिवसही झालेले नाहीत. अशी वाक्यं बोलताना प्रेक्षकांकडे डोळा मारल्यासारखं करू नकोस. आईकडे बघून, आईसाठी बोल. प्रेक्षकांचं ते बघून घेतील.

मग गुरुवारी पॅरिसशी लग्न ठरल्याची बातमी. ती नाही म्हणते. बाप येतो. पहिल्या अंकातला तो समंजस बाप! फरफटत नेईन, हात शिवशिवतायत माझे, माझं ऐकणार नसशील तर भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर. ती गुडघे टेकून म्हणते, एक शब्द ऐकून घ्या. तो ऐकत नाही. दाई मध्ये पडते, मालक, मुलीला असं बोलणं बरं नव्हे. लक्षात घे, त्या घरात तिची बाजू घेणारी एकटी दाई आहे. बाप निघून जातो. ज्युलिएट आईकडे वळते, महिनाभर, आठवडाभर तरी पुढे ढकला. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, तुझं तू बघ, माझं झालं. तीही जाते.

या साऱ्यात तू किती रडायचं? माझं मत विचारशील तर बापापुढे रड, आईपुढे रडणं आवर. आई जाताना अश्रू संपलेले असू देत. दाईशी बोलताना कोरडा आवाज हवा, कारण तिथे तिला खरोखर सल्ला हवा आहे. ती विचारते, दाई, यातून वाट काय? काही तरी धीराचं बोल.

आणि दाई म्हणते, पॅरिसशी लग्न करून टाक. रोमिओ हद्दपार झालाय, तो काही येत नाही. पॅरिस किती देखणा, रोमिओ त्याच्यापुढे नुसतं पोतेरं.

बाळ, ही दाई वाईट नाही. हे वाक्य दांडिया बाजारातल्या आमच्या पिढीतल्या प्रत्येक बाईनं कधी ना कधी ऐकलंय: झालं गेलं गंगेला मिळालं, आता जुळवून घे. सांगणाऱ्या बायका मायाळूच होत्या, आपल्याच होत्या. दाईनं आयुष्य बघितलंय. पोटची पोर गेली, नवरा गेला, तरी माणूस जेवतं, हसतं हे तिला माहीत आहे. ज्युलिएट जगावी म्हणूनच ती असं सांगते. ती लबाड असती तर ज्युलिएटला तिच्यावर चिडता आलं असतं, आणि चिडणं सोपं असतं. इथे जे होतं ते त्याहून वाईट: जिला आपली प्रत्येक गोष्ट माहीत आहे तिला आपण कळलेलोच नाही.

ज्युलिएट फक्त विचारते, मनापासून बोलतेस? दाई म्हणते, अगदी जिवापासून. ज्युलिएट म्हणते, तथास्तु. दाईला कळत नाही, काय म्हणालीस? आणि मग ती जे म्हणते ते नीट वाच: तू मला फार धीर दिलास. जा, आईला सांग, बाबांना दुखावलं म्हणून मी पाद्री लॉरेन्सकडे पापाची कबुली द्यायला गेले.

तुझ्या प्रश्नाला मला एकच जागा दाखवायची झाली तर मी 'मनापासून बोलतेस?' या प्रश्नानंतरचा तो क्षण दाखवीन. आणि तिथे आवाज, चाल, काही म्हणजे काही बदलू नकोस. उलट तिनं काही बदललेलं दिसू द्यायचं नाहीये. रोज दाईशी बोलते त्याच लाडक्या आवाजात ती खोटं बोलते. आजपर्यंत दाईला सांगत आलेली मुलगी आता दाईला निरोप देऊन पाठवते. दाई गेल्यावर ती दात-ओठ खाऊन बोलते, यापुढे तुझं माझं काही एक नाही, ते भाषण छोटं आहे आणि जोरात म्हणायचा मोह होईल. दाई अजून जिन्यातच असेल, एवढं भान ठेवून म्हण.

चौथ्या अंकात पॅरिस भेटतो, त्याच्याशी ती एकेक ओळीत बोलते आणि एकाही ओळीत सापडत नाही. तिचं रोमिओशी लग्न लावणारा पाद्री लॉरेन्स बाटली देतो, मेल्यासारखी ४२ तासांची झोप, ते सगळं सरळ आहे. मला थांबायचं आहे ते घरी परतल्यावर. ती बापासमोर गुडघे टेकते आणि म्हणते, चुकलं माझं, यापुढे तुम्ही सांगाल तसं वागेन. आठवला का तो पहिल्या अंकातला सूर? तोच लाव. हुबेहूब तोच. तिथे खरा होता, इथे खोटा आहे, आणि कानाला काही फरक कळता कामा नये. बापालाही कळत नाही. तो इतका खूश होतो की लग्न एक दिवस अलीकडे, बुधवारी आणतो. तिच्या उत्तम अभिनयाची ही शिक्षा. आज्ञाधारक मुलीची भूमिका तिनं अशी वठवली की तिच्या हातातला एक दिवस गेला. आणि तो दिवस महत्त्वाचा होता. हा बेत कळवणारं पाद्रीचं पत्र रोमिओकडे घेऊन निघालेला माणूस साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र पोचत नाही. पूर्वी ही गोष्ट प्रेक्षकांना ओढूनताणून आणलेली वाटायची. २०२० नंतर कोणी तसं म्हणत नाही.

बाटलीचं स्वगत पाठ करताना मुली त्याचा आक्रोश करतात. ते भाषण म्हणजे एक हुशार मुलगी रात्री एकटी बसून शक्यता तपासते आहे, असं धर. औषध चाललंच नाही तर? मग सुरा आहे, शेजारी ठेवते. हे विषच असेल तर? पाद्रीनं माझं आधीचं लग्न लपवायला मला मारायचं ठरवलं असेल तर? हा विचार फार मोठा आहे. मोठ्या माणसाचा हेतू ती पहिल्यांदा तपासून बघते, आणि स्वतःच ठरवते की नाही, तो भला माणूस आहे. मग लवकर जाग आली तर, पूर्वजांच्या हाडांत वेड लागलं तर, आणि इथून मात्र विचार तिच्या हाताबाहेर जातो. तो कुठल्या वाक्याला सुटतो ते तू शोध, मी सांगत नाही. सुरुवातीला ती दाईला हाक मारते. तोंडातून निघून जाते ती हाक. लगेच म्हणते, तिचं इथे काय काम? हा प्रवेश मला एकटीलाच करायचा आहे. ती हाक सवयीनं मार, घरात पाण्याचा तांब्या मागायला मारतात तशी. त्यात कारुण्य घातलंस की बिघडलं.

आणि शेवट. तिथे तुला मोजून तेरा-चौदा ओळी आहेत. पाद्री म्हणतो चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो, बाहेर पहारेकरी आलेत. ती म्हणते, तुम्ही जा, मी येत नाही. तोही पळतो. उरलेला शेवटचा मोठा माणूस. त्याला शाप नाही, विनवणी नाही, एक छोटं वाक्य. रोमिओचे ओठ अजून गरम आहेत, हे तिला कळतं. काही मिनिटांचीच चुकामूक. बाहेर आवाज होतो आणि ती घाई करते.

हे मरण विजय म्हणून करू नकोस, तुला ती लागण होण्याचं वय आहे म्हणून मुद्दाम लिहिते. संगीत वाजेल, निळा लाइट पडेल, पुढच्या रांगेत कोणी मुसमुसेल, आणि तुलाही वाटेल की ती आता कळसाला पोचली. ती कुठेही पोचलेली नाही. तिला अकरा-बारा दिवसांनी चौदावं संपणार होतं, आणि चार दिवसांत ती एवढं शिकली होती की जगली असती तर त्या व्हेरोनात कोणाला आवरली नसती. तो वाया गेलेला ऐवज दिसला पाहिजे. म्हणून सुरा हातात घेताना चेहरा शांत-बिंत करू नकोस. तिला अजून विचार करायचा होता, वेळ नव्हता, असा कर.

रविवारी दुपारी ये. तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश पाठ करून ये, आई आणि बाप मी वाचीन, माझ्या बापाचा आवाज अजून चांगला लागतो. दाई करणाऱ्या मुलीलाही घेऊन ये. ती म्हणे तो सल्ला खलनायिकेसारखा देते. तिची तेवढी खोड मोडली की तुझं अर्धं काम झालं.

तुझ्या आजीला नमस्कार सांग.

तुझी,
काकू